कुलर बंद असताना

आवाज आधी त्याला ऐकू आला.
मी आपली वाचत होते,
नववीचा भूगोल, पान सदतीस,
चारी भिंतींना गोधड्या, खिडकीवरही एक,
धुळ्याचा मे, पंखा बंद,
चार्जिंगच्या दिव्याखाली पुस्तक
आणि घाम पानावर पडू नये म्हणून
कपाळाला बांधलेला रुमाल.

अंधशाळेतून दिलवर पावराचा फोन:
"मॅडम, ज्वालामुखीत काहीतरी तडकतं."
म्हटलं, तडकणारच, ज्वालामुखी आहे.
तो हसला नाही.
"शिलारस म्हणताना तुमचा ला कुणीतरी खाल्लाय."

हेडफोन लावून ऐकलं. होता.
तिळाएवढा. टच्.
मग अकरा मिनिटं काही नाही.
मग लागोपाठ तीन.

आग्रा रोडला चुडामणच्या दुकानात नेला लॅपटॉप.
त्यानं वायर लावली, मी तासभर वाचलं,
गिऱ्हाइकं थांबून पठारांचे प्रकार ऐकत राहिली,
एक टच् नाही.
डॉक्टरच्या पायरीवर ताप उतरलेलं पोर.
"याले काहीच व्हयेल नही, ताई.
तुम्हलेच भास व्हस."
तरी फॉरमॅट मारलं. साडेसातशे घेतले.

दुसऱ्या दिवशी, घरी: टच्.

मग मीच बसले मांडी घालून.
साउंडचा ड्रायव्हर काढला, जुना टाकला, पुन्हा नवा टाकला.
वायफाय बंद, ब्लूटूथ बंद,
कॅमेऱ्यावर तर टिकली कधीचीच चिकटवलेली.
एक सॉफ्टवेअर सापडलं, काड्या दाखवणारं,
मायक्रोसेकंदांची नाडी:
हिरवी, हिरवी, हिरवी,
आणि मध्येच एक लाल, छताला डोकं आपटणारी.
इतकं कळलं, की सगळे ड्रायव्हर एकाच दारातून आत जातात,
आणि त्यातला कुणीतरी उंबऱ्यात उभा राहून
काहीतरी विचारत बसतो.
मागे माझा आवाज ताटकळतो.
त्याची वेळ निघून जाते.
ला कुठेच पोचत नाही.
कोण उभा आहे, ते काड्या सांगेनात.

दिलवर म्हणाला, सगळ्या फायली पाठवा.
बेचाळीस पाठवल्या.
आठ दिवस काही नाही, मग रात्री नऊला:
"मॅडम, तुमच्या मागे एक घरघर असते."
मी ओशाळले. भिंतीपलीकडे बागुलांचा कुलर.
एवढ्या गोधड्या टांगूनही.
"असू द्या ती. घरघर आहे तोवर तडकत नाही.
ती थांबली, की मगच."

फोन कानाला, आणि मी उभीच.
कुलर थांबतो, म्हणजे लाइट गेलेली असते.
माझा पंखा बंदच, दिवा चार्जिंगचा, खिडकी झाकलेली,
मला पत्ताच नसतो.
आणि लॅपटॉप तेव्हा बॅटरीवर.
दुकानात तर वायर लावलेली होती.

उंबऱ्यातला सापडला.
बॅटरीचा ड्रायव्हर.
थोड्या थोड्या वेळानं आत डोकावून विचारायचा,
किती उरलंय? किती उरलंय?
आणि सात वर्षांची बॅटरी
आठवून आठवून उत्तर द्यायची.

मी त्याला बंद केलं. एक क्लिक.
लाल काड्या गेल्या,
आणि कोपऱ्यातलं बॅटरीचं चित्रही गेलं.

आता लाइट जाते आणि मी वाचत असते,
किती उरलंय ते ना मला माहीत, ना त्याला.
परवा पान एक्याऐंशीवर पडदा काळा झाला.
दिवा चालूच होता, डोळे पुस्तकात,
मी पानभर पुढे वाचत गेले
स्वच्छ, सावकाश, गोधड्यांना.

दिलवरला विचारलं, कसं झालंय?
"नदीची कामं अर्ध्यावर तुटलीत," म्हणाला,
"पण तडकत नाही कुठे.
उरलेली उद्या पाठवा. सोमवारी चाचणी आहे."